एकच माप : ख्रिस्ती श्रद्धा, विज्ञान आणि मराठी तरुण वाचक

बीजसंज्ञा : ख्रिस्ती मराठी वाङ्मय, ज्ञानोदय, बाबा पदमनजी, रे. ना. वा. टिळक, विज्ञानदृष्टी, तरुण वाचक

१. प्रस्तावना

धर्म आणि विज्ञान यांच्या परस्परसंबंधाचा विचार मराठीत सुमारे पावणेदोनशे वर्षे चालू आहे. लोकहितवादी, महात्मा फुले, आगरकर यांच्यापासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीपर्यंत या विचाराची परंपरा सांगितली जाते. मात्र या परंपरेतील ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा वाटा बहुधा एका वाक्यात उरकला जातो. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, छापखाने आणले आणि धर्मप्रसार केला, हे ते वाक्य. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. पृथ्वीचा आकार, ग्रहणाचे कारण आणि वाफेच्या यंत्राची रचना मराठी तरुणाला ज्या पानांवर प्रथम वाचावयास मिळाली, त्यांतील पुष्कळ पानांवर येशू ख्रिस्ताचे शुभवर्तमानही छापलेले होते. एकाच अंकात, एकाच भाषेत आणि एकाच वाचकासाठी श्रद्धा व विज्ञान यांची मांडणी करण्याचा हा मराठीतील एक आरंभीचा आणि सातत्याने चाललेला प्रयत्न होय. तो कसा झाला, कोठे साधला आणि कोठे फसला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा नाही. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील महाविद्यालयांत विज्ञानशाखेकडे जाणारे विद्यार्थी वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतून येतात. ख्रिस्ती घरातील विद्यार्थी विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे असल्याचे वर्गात शिकतो आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवसांची कथा रविवारी चर्चमध्ये ऐकतो. हिंदू घरातील विद्यार्थ्यापुढे युगे, मन्वंतरे आणि दशावतार असतात. या दोहोंची सांगड कशी घालावी, असे त्याने विचारले तर ‘हे परीक्षेला नाही’ किंवा ‘श्रद्धेच्या बाबतीत प्रश्न विचारू नयेत’ यांपैकी एक उत्तर मिळण्याचा संभव अधिक. पहिल्या उत्तराने विज्ञान पाठांतरापुरते उरते, दुसऱ्याने श्रद्धा भीतीपुरती उरते. दोन्ही उत्तरांत नुकसान विद्यार्थ्याचेच आहे.

कोणता धर्म खरा, याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्या तर्काने आपण दुसऱ्याचा धर्मग्रंथ तपासतो, त्याच तर्काने स्वतःचा ग्रंथ तपासण्याची तयारी लेखनात दिसते काय, एवढीच कसोटी येथे वापरली आहे. या कसोटीस ‘एकच माप’ म्हटले आहे.

२. कल्याणचा उल्लेख आणि सपाट पृथ्वी

आपल्या परिसरातील ख्रिस्ती समाजाचा एक अतिप्राचीन उल्लेख सहाव्या शतकातील आहे. कॉस्मस इंडिकोप्लेउस्टिस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘ख्रिश्चन टोपोग्राफी’ या ग्रीक ग्रंथात ‘कल्लियाना’ या बंदराचा निर्देश आहे आणि तेथे इराणातून नेमून पाठविलेला बिशप असल्याचे म्हटले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे सामान्यतः मानले जाते. स्थानिक इतिहासाच्या लेखनात हा उल्लेख अभिमानाने येतो. परंतु ज्या ग्रंथात तो आहे त्या ग्रंथाचे मुख्य प्रयोजन काय होते, हे क्वचितच सांगितले जाते. पृथ्वी गोल नसून सपाट आहे, हे बायबलच्या आधारे सिद्ध करणे, हे ते प्रयोजन होय.

कॉस्मसच्या मते विश्वाची रचना मोशेने उभारलेल्या निवासमंडपासारखी आहे. खाली आयताकृती पृथ्वी, चहूबाजूंनी भिंती आणि वर कमानदार छत. उत्तरेस एक प्रचंड पर्वत असून सूर्य त्याच्या आड गेला की रात्र होते. मेरू पर्वताभोवती फिरणाऱ्या सूर्याचे पौराणिक वर्णन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे वाचून परकेपणा वाटणार नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनरी लेखकांनी मेरूची आणि सप्तसमुद्रांची यथेच्छ थट्टा केली. पण तसाच एक पर्वत ख्रिस्ती परंपरेतील एका ग्रंथातही होता आणि त्याच ग्रंथात कल्याणचेही नाव होते.

येथे एक दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कॉस्मसच्या या विश्वरचनेला त्याच काळी, त्याच अलेक्झांड्रियात विरोध झाला आणि तो करणारा योहान फिलोपोनस हाही ख्रिस्तीच होता. उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना त्याने पृथ्वीच्या गोलाकाराचा पक्ष घेतला. त्याच्याही आधी, पाचव्या शतकाच्या आरंभी, संत ऑगस्टीनने उत्पत्तीच्या अर्थाविषयी लिहिताना स्वधर्मीयांना एक इशारा देऊन ठेवला होता. आकाश, तारे, ऋतू यांविषयी इतर धर्मीयांना अनुभवाने व तर्काने पुष्कळ कळलेले असते. अशांपुढे धर्मग्रंथाच्या नावाने चुकीचे बोलणारा ख्रिस्ती मनुष्य त्या ग्रंथासच हास्यास्पद करतो, असा त्याचा आशय. तात्पर्य, ‘ख्रिस्ती श्रद्धा विरुद्ध विज्ञान’ अशी सरळ विभागणी पहिल्यापासूनच टिकणारी नव्हती. ग्रंथातून निसर्ग वाचणारे आणि निसर्ग पाहून ग्रंथाचा अर्थ तपासणारे, असे दोन प्रवाह एकाच धर्मात होते.

३. सोळाशे सोळा : दोन घटना

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पहिले मोठे काव्य म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत आणली. ग्रंथ १६१६ साली छापला गेला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रोम येथे कोपर्निकसच्या ग्रंथावर, दुरुस्ती होईपर्यंत, बंदी घालण्यात आली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही; तरीही मराठी वाचकाच्या दृष्टीने हा योगायोग बोलका आहे. सृष्टीच्या उत्पत्तीची बायबलमधील कथा मराठी ओवीत प्रथमच छापून येत होती, त्याच वेळी सृष्टीच्या रचनेचा नवा सिद्धांत युरोपात संशयित ठरत होता.

‘क्रिस्तपुराणा’ची थोरवी त्याच्या भाषेत व भक्तीत आहे. श्रोत्यांच्या शंका घ्याव्यात आणि त्यांना उत्तरे द्यावीत, ही पुराणाची पद्धत स्टीफन्स यांनी जाणून स्वीकारली. निसर्गविज्ञान शिकविणे हा त्यांचा उद्देश नव्हता, म्हणून त्या मापाने या काव्यास मोजणे अन्यायाचे होईल. परंतु शंका विचारणाऱ्या नवख्या श्रोत्याला काव्यात जागा देण्याची ही पद्धत पुढच्या ख्रिस्ती मराठी लेखनाने किती सांभाळली, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

४. ‘ज्ञानोदय’ : दुधारी शस्त्र

जून १८४२ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले. रे. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. नावातच ज्ञानाचा उदय आहे आणि ज्ञान या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यात अभिप्रेत आहेत : सृष्टीचे ज्ञान आणि ईश्वराचे ज्ञान. खगोल, भूगोल, प्राणी, यंत्रे यांची माहिती त्यात येई आणि तिच्या शेजारी धर्मोपदेश व हिंदू चालीरीतींवरील टीका येई. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ दोन वर्षे आधी, १८४० मध्ये, विद्यार्थ्यांसाठी शास्त्रीय विषय घेऊन निघाले होते. त्यात विद्या होती, धर्मप्रसार नव्हता. ‘ज्ञानोदया’ने या दोहोंना एकत्र बांधले.

या बांधणीमागील युक्तिवाद साधा होता. पुराणांतील भूगोल चुकीचा आहे. ज्या ग्रंथाचा भूगोल चुकीचा तो ग्रंथ ईश्वरप्रणीत असू शकत नाही. म्हणून खऱ्या ईश्वराचा शोध अन्यत्र घ्यावा. त्याबरोबरच विल्यम पेली याने १८०२ मध्ये इंग्रजीत रूढ केलेला विचारही मिशनच्या शिक्षणातून येत होता. सृष्टीतील रचना पाहावी आणि तीवरून रचनाकाराचे अनुमान करावे, असा तो विचार. अशा रीतीने एकच शास्त्र एका धर्माविरुद्ध साक्षीदार म्हणून उभे केले गेले आणि दुसऱ्या धर्माच्या बाजूने वकील म्हणून.

यातील दोष तर्काचा आहे. ग्रंथातील सृष्टिवर्णन चुकीचे असल्यास ग्रंथ अप्रमाण ठरतो, हा नियम एकदा मान्य केला की तो सर्व ग्रंथांना लागू होतो. यहोशवाच्या पुस्तकातील दहाव्या अध्यायात सूर्य आकाशात थांबल्याची कथा आहे. ग्रहणाच्या वेळी राहू सूर्यास गिळतो असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या वर्गात हसावयास शिकविले, त्याच वर्गात त्याने हा अध्याय वाचला तर त्याने काय करावे? मिशनच्या लेखनात या प्रश्नाला मोकळी जागा नव्हती. हे मिशनरी प्रोटेस्टंट होते. त्यामुळे रोममधील १६१६ चा निर्णय त्यांच्या खात्यावर मांडता येणार नाही. पण यहोशवाचे पुस्तक त्यांचेही होते.

मराठी तरुणांनी ही विसंगती लवकरच ओळखली. तिचे तीन दाखले येथे पुरेसे आहेत.

पहिला दाखला ‘ज्ञानोदया’च्याही आधीचा आहे. सीहोर येथील लॅन्सलॉट विल्किन्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सहवासातील पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पुराणांचे, ज्योतिषसिद्धांतांचे आणि कोपर्निकसचे अशी तीन मते तोलून पाहिली आहेत. स्वतःच्या परंपरेतील पौराणिक भूगोल बाजूस सारण्यास हे पंडित कचरले नाहीत. तथापि, जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती धर्माच्या समर्थनाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, तेव्हा ‘सोमनाथ’ या नावाने त्याला १८३९ मध्ये उत्तर देणारे पंडितही सुबाजी बापूच, असे अभ्यासक मानतात. कोपर्निकस स्वीकारला म्हणून बाप्तिस्मा स्वीकारावा लागत नाही, हे मराठीत इतक्या लवकर सिद्ध झाले होते.

दुसरा दाखला परमहंस सभेचा. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या गुप्त मंडळात इंग्रजी शिकलेले तरुण जातिबंधन मोडण्याची शपथ घेत. त्यांनी ख्रिस्ती पाववाल्याचा पाव खाल्ला. परंतु बहुतेकांनी त्याचा धर्म घेतला नाही. सभेचे प्रेरणास्थान असलेल्या दादोबा पांडुरंग यांनी ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात कोणत्याही एका ग्रंथावर न विसंबणारा ईश्वरविचार मांडला.

तिसरा दाखला महात्मा फुले यांचा. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेन वाचला. याच पेनने ‘एज ऑफ रीझन’ या ग्रंथात बायबलची कठोर चिकित्सा केली होती. मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याविषयी फुले कृतज्ञ राहिले, दशावतारांची चिकित्सा त्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) केली, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच घरातील माणसांनी आपापल्या वाचनाप्रमाणे वेगवेगळे धर्म पाळावेत आणि तरीही प्रेमाने एकत्र नांदावे, अशी कल्पना आहे. मिशनच्या शाळेने दिलेले माप फुल्यांनी सर्वच ग्रंथांना लावले.

१८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले जाहीर वाद याच मालिकेतील होत. विष्णुबुवांची स्वतःची वेदविषयक मते आज कोणास पटोत वा न पटोत; बायबलाविषयी उलट प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनी श्रोत्यांसमक्ष बजावला. मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या चिकित्सेला हेच उत्तर अपेक्षित होते.

५. ‘यमुनापर्यटन’ आणि ‘अरुणोदय’ : बंद निष्कर्ष, उघडी शंका

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या दोन ग्रंथांची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील आद्य स्वतंत्र कादंबरी म्हणून ओळखली जाते. ख्रिस्ती विचारांचा संस्कार झालेले यमुना व विनायक हे तरुण जोडपे प्रवासास निघते आणि ठिकठिकाणी विधवांची स्थिती पाहते. येथपर्यंत कादंबरीची रीत निरीक्षणाची आहे. ऐकीव गोष्टीवर न थांबता घरोघरचे वास्तव पाहावे, उदाहरणे जमवावीत आणि मग बोलावे, ही शिस्त तिच्यात आहे. केशवपन, उपासमार, अवहेलना यांच्या नोंदी एखाद्या पाहणीच्या अहवालासारख्या येतात आणि त्यामुळेच आजही परिणाम करतात.

परंतु शेवटाकडे येताना ही रीत सुटते. विनायकाचा अपघाती मृत्यू, मरणापूर्वी त्याने घेतलेला बाप्तिस्मा, यमुनेचे वैधव्य, तिचे धर्मांतर व पुनर्विवाह हा क्रम पाहणीतून निघालेला नाही. तो आधीच ठरलेला आहे. विधवांच्या दुःखाला सामाजिक कारणे आहेत, हे कादंबरीने स्वतःच दाखविले आहे. मग उपाय केवळ एका धर्माच्या दाराशीच का थांबावा, याचे उत्तर ती देत नाही. निरीक्षण खुले, पण निष्कर्ष बंद, हे या कादंबरीचे मर्यादास्थान होय. ‘ज्ञानोदया’तील विज्ञानाची जी स्थिती, तीच येथे निरीक्षणाची.

‘अरुणोदय’ हे पदमनजींचे आत्मचरित्र मात्र वेगळे आहे. त्यातही शेवट ठाऊक असतो, कारण लेखक ख्रिस्ती झालेला आहे. तरीही लहानपणची भक्ती, शाळेतील नवे शिक्षण, मन डळमळणे, परमहंस सभेतील दिवस, घरच्यांचे दुःख आणि १८५४ मधील बाप्तिस्मा या टप्प्यांत शंका काही काळ खरोखर जिवंत राहते. कोणत्या पुस्तकाने मन हलले आणि कोणत्या नात्याने पाय मागे ओढला, हे लेखक लपवीत नाही. कादंबरीतील यमुनेला अडखळण्याची मुभा फारशी नाही. आत्मचरित्रातील बाबाला ती आहे. म्हणून तरुण वाचकाला आज ‘यमुनापर्यटना’पेक्षा ‘अरुणोदय’ अधिक जवळचे वाटू शकते. त्याचे मत मान्य होवो वा न होवो, विचार करणारा माणूस त्यात दिसतो.

६. फुलाकडे पाहण्याच्या दोन रीती

विसाव्या शतकाच्या आरंभी या संबंधाला निराळे वळण मिळाले. रे. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांचा ‘ज्ञानोदया’शी आणि मुलांच्या ‘बालबोधमेवा’ या मासिकाशी संपादक म्हणून संबंध आला. मराठी काव्यात ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात. ही ओळख प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. टिळकांच्या कवितेत फूल येते ते पुराव्यासाठी नव्हे. त्यावरून ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्याची घाई तेथे नाही. फुलाजवळ थांबणे, त्याच्याशी बोलणे, त्याच्या एकटेपणात स्वतःला पाहणे, ही त्यांची रीत. श्रद्धा तेथे युक्तिवाद म्हणून न येता वृत्ती म्हणून येते. अहमदनगरला त्यांच्या घरी काही काळ राहिलेल्या बालकवींना याच वृत्तीचा सहवास लाभला होता.

टिळकांच्या हयातीतच मुंबईत फुलाकडे पाहण्याची दुसरी रीत आकार घेत होती. १९०३ मध्ये मुंबईस आलेले स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारण्यास आरंभ केला. आज तो ‘ब्लॅटर हर्बेरियम’ या नावाने ओळखला जातो. त्यांच्या परंपरेतील स्पॅनिश येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) हे त्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कल्याणहून कर्जतमार्गे घाट चढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना खंडाळा हे पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. तेथील झाडाझुडपांची नोंद एका धर्मगुरूने वर्षानुवर्षे केली, हे त्यांना बहुधा ठाऊक नसते.

समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की सांतापाव यांच्या अशा ग्रंथांत धर्मोपदेशाला स्थान नाही. वनस्पतीचे नाव, तिची लक्षणे, कोठे व कोणत्या महिन्यात आढळली, एवढेच तेथे असते. ‘ज्ञानोदया’च्या काळातील लेखकास वनस्पतीच्या रचनेवरून ईश्वराच्या कौशल्याकडे वळल्याखेरीज राहवले नसते. झगा घातलेला हा शास्त्रज्ञ मात्र पानाच्या कडा मोजून थांबतो. त्याची श्रद्धा लोप पावली म्हणून नव्हे, तर पुराव्याच्या जागी श्रद्धा ठेवावयाची नाही, ही शिस्त त्याने अंगी बाणविली म्हणून. टिळकांनी फुलाला सिद्धांतापासून मोकळे केले, सांतापाव यांनी ते उपदेशापासून मोकळे केले. श्रद्धा आणि विज्ञान यांची सांगड दोन्ही ठिकाणी अधिक प्रामाणिक आहे. कारण दोहोंपैकी कोणीही दुसऱ्याचे काम बळकावलेले नाही.

या दुसऱ्या रीतीतही एक उणीव राहते, ती मौनाची. वर्गात शास्त्र आणि प्रार्थनामंदिरात श्रद्धा अशी वाटणी व्यवहारात सोयीची असते. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या मनात दोन्ही एकाच वेळी वावरतात, त्याला या वाटणीचे कारण कोणीतरी सांगावे लागते.

७. इर्ल्याचा क्रूस

एकच माप लावण्याची वेळ जवळच्या काळात मुंबईतच आली होती. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागात वेलांकनी मातेच्या चर्चजवळील क्रूसमूर्तीच्या पायांशी पाणी ठिबकू लागले. भाविक जमले, ते पाणी तीर्थासारखे घेतले जाऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी जागेची पाहणी केली आणि जवळच्या सांडपाण्याच्या निचऱ्यातील पाणी केशाकर्षणाने वर चढून ठिबकते, असे कारण सांगितले. दूरचित्रवाणीवरील त्यांच्या विधानांवरून, धार्मिक भावना दुखावल्याबद्दल तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या २९५-अ कलमाखाली त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले.

केशाकर्षण हा शालेय विज्ञानातील धडा आहे. दिव्याची वात तेल वर ओढते, जमिनीतील ओल भिंतीत चढते, ही उदाहरणे विद्यार्थी परीक्षेत लिहितो. तेच उत्तर एका श्रद्धेच्या भिंतीविषयी दिले गेले तेव्हा ते तक्रारींखाली झाकले गेले. चर्चविषयी एडामरुकू यांनी वापरलेली भाषा कोणास कठोर वाटली असेल. तिला तितक्याच कठोर शब्दांत उत्तर देता आले असते. पाणी कोठून येते, हा प्रश्न मात्र भाषेने सुटणारा नव्हता.

वास्तविक कॅथॉलिक परंपरेजवळ अशा प्रसंगी वापरण्याजोगे स्वतःचे माप आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून रोगमुक्तीचे हजारो दावे झाले. तेथील वैद्यकीय कार्यालय ते तपासते आणि आजवर मान्य झालेल्या चमत्कारांची संख्या सत्तरहून थोडीच अधिक आहे. म्हणजे दावा आला की आधी नैसर्गिक कारण शोधावे, ही रीत परंपरेत आहे. ती इर्ल्याच्या भिंतीपाशी सर्वांत पुढे यावयास हवी होती.

हे केवळ ख्रिस्ती समाजाचे वैगुण्य नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. संविधानाच्या ५१-अ (ज) कलमाने विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधकबुद्धी वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ते पाळण्याची किंमत कोणत्याही धर्माच्या अंगणात मोठी असू शकते, हे या घटनांवरून दिसते. तरुणांशी या विषयावर बोलणाऱ्याने ही किंमत त्यांच्यापासून लपवू नये.

८. वर्गातील मांडणीविषयी

तरुणांपुढे हा विषय मांडताना दोन सोपे मार्ग नेहमी घेतले जातात. एक, नामावलीचा. न्यूटन, मेंडेल यांची नावे घ्यावयाची आणि ‘एवढे मोठे शास्त्रज्ञ श्रद्धावान होते’ असे सांगावयाचे. दुसरा, खटल्याचा. गॅलिलिओची १६३३ ची शिक्षा सांगून धर्म व विज्ञान यांचे वैर सिद्ध झाले असे म्हणावयाचे. नामावलीने श्रद्धेची सत्यता ठरत नाही आणि एका खटल्याने दोन हजार वर्षांच्या परंपरेचा निकाल लागत नाही. त्याच गॅलिलिओने १६१५ मध्ये लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीनचा आधार घेऊन ग्रंथाच्या अर्थाविषयी युक्तिवाद केला होता. चर्चने १९९२ मध्ये या प्रकरणात झालेल्या चुकीची कबुली दिली.

या दोहोंपेक्षा बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांचे उदाहरण अधिक शिकविणारे आहे. विश्व प्रसरण पावत असल्याचे त्यांनी १९२७ मध्ये मांडले आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना पुढे आणली. नोव्हेंबर १९५१ मध्ये बारावे पोप पायस यांनी आपल्या भाषणात या नव्या विश्वशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली. आपल्या सिद्धांताला धर्माचा एवढा मोठा आधार मिळत असताना लमेत्र यांना आनंद झाला नाही. हा सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. उद्या सिद्धांत बदलला तर श्रद्धेनेही बदलावे काय, हा त्यामागचा विचार तरुणांना सहज समजतो. पुराणांचा भूगोल चुकला म्हणून पुराणे टाका, असे सांगणाऱ्या ‘ज्ञानोदय’कालीन युक्तिवादाचे खरे उत्तर लमेत्र यांच्या या नकारात आहे. आपल्या सोयीचा पुरावासुद्धा आपण वापरावयाचा नाही, हे एकच माप.

या परंपरेचा आपल्याशी निगडित दुवाही आहे. पुण्यात १९७८ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकलेले येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांची सप्टेंबर २०२५ पासून व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकपदी नेमणूक झाली. एरिक बेल यांच्यासमवेत २०१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात देवयानी दीर्घिकेने सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली असावी, असे दाखविले आहे. या शोधाला शुभवर्तमानाचा आधार नाही आणि त्याची गरजही नाही. आकडे तपासावेत, चुकल्यास दाखवून द्यावे, एवढेच शास्त्राचे आमंत्रण त्यात आहे.

प्रत्यक्ष वर्गात काय करता येईल? विद्यार्थ्यांना कॉस्मसचे विश्व आणि पौराणिक भूगोल शेजारी शेजारी ठेवून वाचावयास द्यावेत, ‘अरुणोदया’तील शंकेचा भाग आणि फुल्यांच्या घराची कल्पना एकत्र वाचावी, टिळकांची एखादी निसर्गकविता वाचून तेच फूल प्रयोगशाळेत उलगडून पाहावे. कोणाची श्रद्धा खरी, हे त्यांना विचारू नये. प्रत्येकाने आपल्या घरच्या एका समजुतीला शेजाऱ्याच्या समजुतीला लावलेलेच माप लावून पाहावे, इतकेच सांगावे. विज्ञानशाखेच्या प्रयोगवहीत आणि मराठीच्या तासाला हे एकाच वेळी करता येण्याजोगे आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ख्रिस्ती मराठी वाङ्मयाने तरुण वाचकापर्यंत आधुनिक विज्ञान पोहोचविण्यात मोठा वाटा उचलला. हे ऋण मान्य केल्याखेरीज मराठी प्रबोधनाचा इतिहास पुरा होत नाही.

२) ‘ज्ञानोदय’कालीन लेखनाने विज्ञान हे दुसऱ्याच्या ग्रंथाविरुद्ध वापरले आणि स्वतःच्या ग्रंथास त्यातून सूट दिली. सुबाजी बापू, परमहंस सभेतील तरुण व महात्मा फुले यांनी ही सूट नाकारली. मिशनच्या शिक्षणाचे हे अनपेक्षित, पण सर्वांत मोलाचे फळ होय.

३) बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त निरीक्षण समर्थ असून निष्कर्ष आधीच बांधलेला आहे, ‘अरुणोदया’त शंकेला जागा असल्यामुळे ते तरुण वाचकास अधिक विश्वसनीय वाटते.

४) रे. टिळकांची निसर्गकविता आणि फादर ब्लॅटर व फादर सांतापाव यांचे वनस्पतिशास्त्र या दोहोंनी श्रद्धेला पुराव्याच्या ओझ्यातून सोडविले. त्यांच्या मौनाचे कारण तरुणांना उलगडून सांगणे, हे आजच्या शिक्षकाचे काम आहे.

५) श्रद्धा व विज्ञान यांच्या संवादाची खरी कसोटी दुसऱ्याच्या अंगणात नसून स्वतःच्या भिंतीपाशी लागते. त्या भिंतीतून पाणी ठिबकू लागले तर ते कोठून येते हे आधी पाहावे. एवढे शिकलेला विद्यार्थी पुढे श्रद्धावान राहील किंवा राहणार नाही. पण भीतीपोटी त्याला काहीही मानावे लागणार नाही.